लाल ठिपक्याचे सेल

आमच्या घरात टॉर्चला बॅटरी म्हणत आणि तिच्या पोटात घालायचे ते सेल. ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात ही बॅटरी आमच्या घरात एखाद्या आजारी माणसासारखी होऊन बसली होती. सकाळी उठलं की आधी तिची तब्येत बघायची आणि मग चहा. मी अकरावी सायन्स संपवून घरी बसले होते. फिजिक्सच्या पुस्तकातलं विजेचं प्रकरण मला तोंडपाठ होतं, त्यामुळे या आजारावरची घरातली डॉक्टर अर्थातच मी.

बॅटरी बाबांची, म्हणजे खरं तर थिएटरची. बाबांची गिरणी बंद पडून तीन वर्षं झाली होती. आम्ही नाहूरला राहायचो, पत्र्याच्या छपराच्या बैठ्या चाळीत. कोणाच्या तरी ओळखीने बाबांना मुलुंडच्या एका थिएटरात बदली डोअरकीपरचं काम मिळालं होतं. बारा आणि तीन असे दिवसाचे दोन खेळ. बाल्कनीच्या दारात उभं राहायचं, तिकीट फाडायचं आणि अंधारात बॅटरी मारून माणसाला त्याच्या खुर्चीपर्यंत पोचवायचं. तीन महिने बदली, मग साहेबाला पटलं तर पक्के. ते तीन महिने मेअखेर संपत होते.

बाबा पक्के झाले तर मी बारावीला जाणार होते. नाही झाले तर काय, हे कोणी बोलत नव्हतं. पण आईने शेजारच्या बाईला भांडुपच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला मुली घेतात का, हे विचारलेलं मी ऐकलं होतं. तेव्हा बॅटरी पेटणं न पेटणं हा माझ्यासाठी विज्ञानाचा प्रश्न नव्हता.

दुखणं असं होतं. सकाळी घरात बटण दाबलं की बॅटरी झकास पेटायची. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातला देव डोळे मिटून घेईल असा पांढरा झोत. बाबा ती शबनम पिशवीत टाकून चालत मुलुंडला जायचे. बाराचा खेळ सुरू झाला, पाच-दहा माणसं बसवली, की झोत पिवळा. मध्यंतरापर्यंत तांबडा. तीनच्या खेळाला नुसता निखारा. संध्याकाळी घरी आले की बाबा ती माझ्यासमोर ठेवायचे आणि म्हणायचे, "बघ गो बाय, परत बसली."

मी बघायची. मागचं झाकण फिरवून काढायचं, बॅटरी तिरकी करायची, की तिन्ही सेल एकामागोमाग चटईवर घरंगळत यायचे. झाकणातली स्प्रिंग मी पॉलिश पेपरने घासली. मग ती ताणून लांब केली, कारण सेलवर नीट दाब बसत नसेल. बटणाखालची पितळी पट्टी गंजली होती ती खरवडली. मग वाटलं बल्बचा आटा सैल असेल, म्हणून तिथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. सेल नळीत खुळखुळतात म्हणून त्यांच्याभोवती पोस्टकार्डाचा पुठ्ठा गुंडाळला. बल्ब बदलला. जुना परत लावला. प्रत्येक उपायानंतर बटण दाबलं की बॅटरी पेटायची आणि मी बाबांकडे अशा तोऱ्याने बघायची जसा काही शोध मीच लावलाय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी "परत बसली" हे ठरलेलं.

मला त्या बॅटरीचा असा राग यायचा की वाटायचं, उचलून नाल्यात फेकावी. ती धड मेली असती तरी चाललं असतं. दर सकाळी धडधाकट होऊन ती मला खोटं पाडत होती.

एवढं सगळं केलं, पण सेलवर मी एकदाही संशय घेतला नाही. कारण सेल थिएटरचे. एक तारखेला थिएटरचा स्टोअरकीपर प्रत्येक डोअरकीपरला तीन कोरे सेल द्यायचा आणि मागच्या महिन्याचे तीन परत घ्यायचा. महिन्याच्या महिन्याला नवे सेल मिळणाऱ्या बॅटरीत सेल वाईट असतील हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. जिथे दुखणं होतं ती एकच जागा सोडून मी बाकी सगळी बॅटरी घासून लखलखीत केली होती.

आणि आई त्यात तिची भर घालायची. गावाहून आलेले रातांबे सोलून ती पत्र्यावर सुपात आमसुलांची सोलं वाळत घालायची. त्याच सुपाच्या कडेला, सोलांना लागू नयेत असे, बॅटरीचे तीन सेल उन्हात ठेवायची. बाबा संध्याकाळी आले की मी बॅटरी तपासायची, रात्री सेल काढून आईच्या हवाली. सकाळी सहापासून दहापर्यंत त्यांना पत्र्यावरचं ऊन. मग फडक्याने पुसून परत आत. आमच्या कोकणात पापड, सुके बांगडे, गोधड्या, ज्याला म्हणून मरगळ येते त्याला ऊन दाखवतात. सेल त्यातून सुटतील कसे? मी आईला हसायची. म्हणायची, "अगं, सेल काय आमसूल आहे का?" पण ऊन खाल्लेला मरतुकडा सेल थोडा वेळ खरंच जोर धरतो, हे माझ्या पुस्तकात नव्हतं आणि आईला मात्र ठाऊक होतं. तो जोर नाहूर ते मुलुंड चालत जाईपर्यंत आणि वर दहा माणसं बसवेपर्यंत पुरायचा.

घरात सेलवर चालणारी दुसरी एकच वस्तू होती, ती म्हणजे बाबांचा ट्रान्झिस्टर. त्यालाही तीनच सेल लागायचे, तसलेच मोठे. बाबा साडेसहाला घरी यायचे, पाय धुवायचे आणि सात वाजता प्रादेशिक बातम्या लावायचे. ट्रान्झिस्टर मांडीवर, कान त्याला टेकलेला, डोळे मिटलेले. गिरण्यांची बातमी कधी लागेल सांगता यायचं नाही, म्हणून पहिल्या नमस्कारापासून हवामानापर्यंत सगळं ऐकायचं. शेजारी दोन घरांत टीव्ही होता. पण आपल्या गिरणीची बातमी दुसऱ्याच्या दारात बसून ऐकायला ते तयार नव्हते. थिएटरला ते कधी 'काम' म्हणाले नाहीत. "थेटरात जातंय," म्हणायचे. कामाक जाणं म्हणजे गिरणीत, साच्यांवर, कापडाच्या मागांवर.

त्यावरून माझी आणि त्यांची एकदा वाजलीसुद्धा. मी म्हटलं, "बाबा, गिरणी नाही आता चालू व्हायची. सगळं जग सांगतंय."

ते शांतपणे म्हणाले, "जगाक काय म्हायत? जगान साचो चालवलोलो नाय."

मी पाय आपटत बाहेर गेले. ते बातम्या ऐकत राहिले.

महिन्याचा शेवटचा शुक्रवार जवळ आला. त्या दिवशी नवा सिनेमा लागणार होता. बाराच्या खेळाला मालकाकडची मंडळी बाल्कनीत येणार होती आणि तो खेळ आटोपला की मॅनेजर बाबांचं काय ते सांगणार होता. बाबांनी बुधवारी हे सांगितलं आणि आईने लगेच शुक्रवारच्या शर्टाला इस्त्री करायला घेतली. त्याच गप्पांत बाबा स्टोअरकीपरची गंमत सांगू लागले. तो माणूस म्हणे इतका संशयी की थिएटरच्या प्रत्येक सेलच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका लावतो, म्हणजे कोणी घरचा रद्दी सेल परत करून नवा न्यायला नको. "सेलांका पण कुंकू लावता तो," बाबा म्हणाले आणि आई हसली. मीही हसले. गुरुवारी दिवसभर माझ्या डोक्यात ते काही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी बाबा आंघोळीला गेले आणि आईने उन्हातले सेल आणून माझ्या हातात दिले. ते गरम होते. मी पहिला नळीत टाकला, दुसरा टाकला आणि तिसरा टाकताना त्याचं बूड मला दिसलं. कुंकू नव्हतं.

मी दोन्ही परत बाहेर काढले. पहिला सहज येईना. बॅटरी तळव्यावर आपटून काढावा लागला. तिन्हींची बुडं करडी, कोरी. एकाच्या कडेला पांढरट बुरशीसारखं काहीतरी आलं होतं. हे थिएटरचे नव्हतेच. हे दिवाळीत ट्रान्झिस्टरसाठी आणलेले आमचे सेल होते.

मी फळीवरचा ट्रान्झिस्टर काढला आणि त्याचं मागचं झाकण उघडलं. आत तीन सेल होते आणि तिन्हींना लाल ठिपका होता.

"आई," मी म्हटलं, "बाबा सेल बदलतात."

आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने वळूनही बघितलं नाही. "माका म्हायत हा," ती म्हणाली. "म्हणान तर उनात घालतंय."

म्हणजे महिन्याच्या एक तारखेला नवे सेल आले की ते ट्रान्झिस्टरमध्ये जायचे, महिनाअखेर तेच ठिपकेवाले परत स्टोअरला जायचे आणि पुढचे कोरे पुन्हा ट्रान्झिस्टरमध्ये. बॅटरीच्या वाट्याला तीन महिने दिवाळीतली प्रेतं. माझं सगळं घासणं, ताणणं, चांदी गुंडाळणं बाबा समोर बसून बघत होते आणि "परत बसली" म्हणत होते. त्या क्षणी मला त्यांची चीड आली. नंतर कळलं की ट्रान्झिस्टरचे सेल उतरले की आवाज नेमका खाली जातो आणि बातमीतला एखादा शब्दही हुकला तर बाबांना रात्रभर झोप लागायची नाही. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला नंतरचं आधी कळत नाही.

मी म्हटलं, "आज तरी चांगले घालते."

"त्यांका विचार," आई म्हणाली.

विचारायचं कसं? बाबा, तुम्ही सेल बदलता हे मला कळलंय, असं म्हणायचं? ज्या माणसाने आयुष्यात कोणाची सुतळीसुद्धा उचलली नाही, त्याला हे तोंडावर सांगायचं? मी ट्रान्झिस्टरला हात घालणार एवढ्यात ते पंचाने केस पुसत आत आले. मी घाईघाईने करडे सेल बॅटरीत परत ढकलले. पहिला अर्ध्यात अडला, तो मी दुसऱ्याने रेटून आत बसवला. झाकण फिरवलं.

बाबांनी बॅटरी घेतली, बटण दाबलं. पांढरा झोत भिंतीवर पडला.

"बघ कशी पेटता," ते खूश होऊन म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घालून, देवाला हात जोडून ते निघाले. मी दारात उभी राहून त्यांना गल्लीच्या वळणापर्यंत बघत राहिले.

साडेअकरापर्यंत मी तग धरला. मग ट्रान्झिस्टरमधले तिन्ही सेल काढले, रुमालात बांधले आणि मुलुंडच्या रस्त्याला लागले. आईने कुठे म्हणून विचारलं नाही. मेचं ऊन, डांबर चपलेला चिकटत होतं. मी मनाशी वाक्यं जुळवत होते: बाबा, मला बाजारात जायचंच होतं. बाबा, मी सहज आले. एकही धड जमत नव्हतं.

पोचले तेव्हा खेळ सुरू झाला होता. खालच्या दारावरच्या माणसाला सांगितलं, बाल्कनीवरच्या काकांची मुलगी, डबा विसरलेत. त्याने सोडलं. जिना चढून वरचा जाड पडदा बाजूला केला तर आत काळोख. पडद्यावर जाहिराती चालू होत्या. उन्हातून आलेल्या मला काही दिसेना. मग दाराच्या बाजूला एक तांबडा ठिपका दिसला आणि त्याच्यामागे बाबा. नव्या सिनेमाच्या गर्दीत बॅटरी आज लवकरच उतरली होती.

"बाय? काय झाला?" ते घाबरून म्हणाले. त्यांना वाटलं घरी काहीतरी झालं.

मी रुमाल सोडून हात पुढे केला. त्यांनी तांबड्या उजेडात माझ्या तळव्यावरचे सेल बघितले. ठिपके दिसले की नाही कोण जाणे, पण सेल कुठले ते त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पडद्यावरचा उजेड त्यांच्या तोंडावर पडत होता आणि त्या तोंडावर राग असता तर किती बरं झालं असतं. ते लाजले होते. माझा बाप माझ्यासमोर लाजला होता.

त्यांनी बॅटरीचं झाकण फिरवलं आणि ती उपडी केली. दोन सेल त्यांच्या हातात आले. तिसरा आला नाही.

त्यांनी हलवलं, तळव्यावर आपटलं, भिंतीला ठोकलं. सकाळी मीच रेटून बसवलेला तो सेल उन्हाने आणि वयाने फुगून नळीत घट्ट झाला होता. मी केसातला आकडा काढून दिला. त्यांनी तो आत घालून ओढायचा प्रयत्न केला. आकडा वाकला. चांगले, दमदार सेल माझ्या हातात आणि त्यांना आत जायला वाट नाही. मी म्हटलं, "द्या, मी बघते." माझ्या हातून काय निघणार होतं? पण मी ती नळी आपटत राहिले, आणि आता तर तो निखाराही गेला होता.

तेवढ्यात मालकाकडची मंडळी आली. चार-पाच जण, त्यांत एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत. बाबा पुढे झाले. अदबीने वाकून म्हणाले, "या साहेब, माझ्या मागून या." बाल्कनीच्या पायऱ्या त्यांना पाठ होत्या. ते अंधारात हात मागे धरून खाली उतरू लागले आणि प्रत्येक पायरीला म्हणू लागले, "पायरी. पायरी. आता लांब पायरी." मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं ओरडून बोलल्यामुळे त्यांचा आवाज मोठा होता. बाकीचे प्रेक्षक "शूऽऽ" करू लागले म्हणून त्यांनी तो खाली आणला, आणि मग म्हाताऱ्याला 'लांब पायरी' ऐकू गेली नाही.

धप्प आवाज आला, काठी खडखडत खाली गेली, बायका ओरडल्या. फार लागलं नव्हतं. चष्मा फुटला, गुडघा खरचटला. पण खालून मॅनेजर धावत आला, त्याच्या हातात त्याची स्वतःची बॅटरी होती, पांढरीशुभ्र. तिच्या झोतात त्याने म्हाताऱ्याला उठवून बसवलं, आणि मग तो झोत बाबांवर आला.

"मामा, तुमची बॅटरी कुठंय?"

बाबांनी मागे हात केला. झोत त्या हाताच्या दिशेने सरकला आणि माझ्यावर येऊन थांबला. एका हातात मी झाकण उघडलेली बॅटरी धरली होती, आणि दुसऱ्या तळव्यावर तीन सेल. बुडं वर होती. लाल ठिपके मला स्वतःलाच दिसले.

मॅनेजर पायऱ्या चढून वर आला आणि त्याने ते एकेक करून उलटेपालटे केले. "हे आपल्या स्टोअरचे," तो म्हणाला. "तुमच्या मुलीकडे कसे?"

मी येऊन हे केलं होतं. मी आले नसते तर बॅटरी बिघडली एवढंच झालं असतं. बिघडते बॅटरी, कोणाचीही बिघडते. ते सेल अंधारात चमकवायला मीच घेऊन आले होते. आणि अजूनही वेळ होती. 'मी घेतले, बाबांना माहीत नव्हतं,' एवढं म्हणायला काय लागतं? मी मॅनेजरच्या बॅटरीकडे बघत राहिले. आज एवढी वर्षं झाली, ते वाक्य मला अजून बरोबर येतं, कुठेही न अडखळता.

मुलीने घेतले असं बाबा म्हणू शकले असते. गिरणीच्या बातम्यांसाठी घेतले, असंही म्हणू शकले असते. ते मान खाली घालून उभे होते.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. ओरडला नाही. त्याने माझ्या हातातली बॅटरी घेतली, आत अडकलेल्या सेलसकट. "मामा, उद्यापासून नका येऊ," तो म्हणाला. मग सेलकडे बघून, "हे न्या आता घरी. मी स्टोअरला सांगतो."

आम्ही चालत नाहूरला आलो. वाटेत बाबा एवढंच म्हणाले, "ऊन फार आसा, डोक्यार पदर घे." मी ओढणी डोक्यावर घेतली. जूनमध्ये मी भांडुपच्या कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायला लागले. बारावी पुढे बाहेरून केली, ती वेगळी गोष्ट.

त्या संध्याकाळी सात वाजत आले तरी बाबा ट्रान्झिस्टर काढेनात. खाटेवर भिंतीकडे बघत बसले होते. आई माझ्याकडे बघू लागली. मग मीच फळीवरून ट्रान्झिस्टर काढला, रुमालातले तीन सेल आत घातले आणि बातम्या लावून त्यांच्या शेजारी ठेवला. आवाज असा खणखणीत आला की बाहेरच्या नळावरच्या बायकांनाही ऐकू गेला असेल. धरणांतलं पाणी झालं, मंत्र्यांचे दौरे झाले, कांद्याचे भाव झाले. बाबा ऐकत होते. गिरण्यांचं काही लागलं नाही.

हवामान सुरू झालं तसे ते म्हणाले, "बंद कर गो बाय. सेल ठेव. उद्या बॅटरीक लागतले."

आई भाकरी थापता थापता थांबली. बॅटरी तर मॅनेजरकडेच राहिली होती. मी ट्रान्झिस्टर बंद केला, तिन्ही सेल काढले, पुसले, आणि सकाळी उन्हात ठेवायला तिच्या सुपात नेऊन ठेवले.